कागदावरच ठरतं सगळं: टीव्ही ॲनिमेतल्या स्टोरीबोर्डची पार्श्वभूमी

जपानी टीव्ही ॲनिमेच्या भागाच्या श्रेयनामावलीत दोन पदं हमखास असतात: ‘एकोन्ते’, म्हणजे स्टोरीबोर्ड (भागाचा शॉटवार चित्रांतला आराखडा), आणि ‘एन्शुत्सु’, म्हणजे त्या भागाचं दिग्दर्शन. अख्ख्या मालिकेचा दिग्दर्शक, ‘कान्तोकु’, वेगळा. एखादा भाग आवडला तर आधी एकोन्तेसमोरचं नाव वाचावं. शॉट कुठून दिसणार आणि किती वेळ टिकणार, हे मुख्यतः तिथेच ठरतं.

स्टोरीबोर्डला एवढं वजन आलं ते वेळेच्या आणि चित्रांच्या टंचाईमुळे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एकच चित्र तीन फ्रेम धरलं की ८ चित्रांत भागतं. बोलताना फक्त ओठ हलवायचे, काढून ठेवलेल्या हालचाली पुन्हा वापरायच्या, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवायचा. हालचाल इतकी जपून वापरायची, तर ती नेमकी कुठे खर्चायची हे आधीच ठरवणं भाग होतं.

एकोन्तेच्या पानावर साधारण पाच चौकटी एकाखाली एक असतात. बाजूला कटचा, म्हणजे एका सलग शॉटचा, क्रमांक, कृती, संवाद आणि वेळ यांचे रकाने. ‘३+१२’ म्हणजे तीन सेकंद बारा फ्रेम, अर्थात साडेतीन सेकंद. गाणी आणि जाहिराती वगळून उरलेल्या वीसेक मिनिटांत तीनशेच्या आसपास कट बसतात. वेळेची बेरीज चुकली तर रंगवून तयार झालेली चित्रं संकलनात फेकावी लागतात. गर्दीचे कट वाढले तर माणसं आणि दिवस तिथेच संपतात, आणि पुढच्या साध्या प्रसंगातले चेहरेसुद्धा बिघडतात.

या मर्यादेतून स्वतःची भाषा घडवली ओसामु देझाकी यांनी. १९७० च्या ‘आशिता नो जो’ या मालिकेचं दिग्दर्शन हाती आलं तेव्हा ते २६ वर्षांचे होते. १९७३ च्या ‘एस ओ नेराए!’ या मालिकेत त्यांची शैली आणखी धीट झाली. एकच पॅन (चित्रावरून सरकणारा कॅमेरा) लागोपाठ तीनदा दाखवायचा, भावनेच्या टोकाला दृश्य गोठवून त्याचं रंगचित्र करायचं, चकाकी आणण्यासाठी काळ्या मास्कच्या, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या झाकणाच्या, छिद्रातून मागचा प्रकाश सोडून त्याच फिल्मवर दुसरं एक्स्पोजर द्यायचं. मास्क जरासा सरकला तरी चकाकी वस्तूच्या बाहेर सांडते. गोठलेलं चित्र मात्र काटकसर म्हणून बघू नये. ते नेमक्या क्षणी आलं की प्रसंग हलत्या चित्राहून जास्त बोचतो. चार सेकंद आधी आलं असतं तर नुसतं अडखळणं वाटलं असतं.

१९७४ च्या ‘हायडी’ मालिकेत दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी दुसरी वाट धरली. हायाओ मियाझाकी यांनी ५२ही भागांचे लेआउट, म्हणजे प्रत्येक शॉटमधली जागा आणि पात्रांची मांडणी ठरवणारी रेखाटनं, सांभाळले. त्यामुळे स्टोरीबोर्ड वेगवेगळ्या हातांचे असूनही (पुढे ‘गंडम’ ही मालिका करणारे योशियुकी तोमिनो त्यांपैकीच) आल्प्समधली झोपडी आणि तिथली रोजची कामं प्रत्येक भागात तितकीच खरी वाटतात.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘इव्हँजेलियन’ मालिकेच्या २२ व्या भागात रेई आणि असुका या दोन मुली लिफ्टमध्ये जवळजवळ मिनिटभर निश्चल उभ्या आहेत. चित्र तेच, फक्त लिफ्टचा आवाज चालू. आपली नजर कोणाच्या तरी बोलण्याची वाट बघत राहते. ती वाट किती ताणायची याचा हिशेब एकोन्तेवरच्या वेळेच्या त्या अरुंद रकान्यातला आहे.