फीडर रॉड की स्पिनिंग रॉड? वाहत्या नदीसाठी कोणता घ्यावा

फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींना खालच्या बाजूला लटकणारं स्पिनिंग रीळ लागतं, दोन्ही बहुधा कार्बनचे, दोन्हींवर ग्रॅममध्ये काही आकडे छापलेले. मग आपल्याकडे सर्रास होतं ते असं: सात-आठ फुटी स्पिनिंग रॉड आणायचा, गळाला कणकेचा गोळा लावायचा, टोकाला घंटी अडकवायची आणि काठावर बसून राहायचं. तलावात हे खपून जातं. कृष्णेच्या किंवा भीमेच्या ओढीत मात्र खपत नाही.

स्पिनिंग रॉड हा हातात धरून सतत फेकण्या-ओढण्याचा रॉड. चमचा, रबरी बेडूक असलं नकली आमिष फेकायचं, ओढत आणायचं, पुन्हा फेकायचं. माशाचा झटका थेट मनगटाला कळतो. म्हणून तो आखूड आणि हलका असतो. शेंड्याकडे वाकतो, खाली ताठ राहतो. मरळीच्या टणक जबड्यात गळ रुतवायला हा ताठपणाच लागतो.

फीडर रॉड स्टँडवर ठेवून डोळ्यांनी वाचायचा असतो. तंगुसावर छोटा जाळीदार पिंजरा, म्हणजेच फीडर, आणि त्यात ओला करून दाबलेला कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. पुढे हातभर तंगूस आणि गळ. चारा तळाशी हळूहळू सुटतो आणि त्याच्या मागावर रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) येतात. हे मासे तळ हुंगत, आमिष चोखून बघत खातात. ते चाचपणं दिसावं म्हणून रॉडच्या टोकाला बारीक, रंगवलेली, बदलता येणारी टिप असते. तिला क्विव्हर टिप म्हणतात. रॉडसोबत अशा दोन-तीन टिपा मिळतात.

खरा घोळ आकड्यांचा आहे. रॉडवरचे ग्रॅम म्हणजे तो किती वजन फेकू शकतो. टिपेवरचे औंस म्हणजे ती वाकायला साधारण किती ओढ लागते. या दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. थांबलेल्या पाण्यात १ औंसाची टिप पुरते, मध्यम ओढीला २ आणि जोरात वाहणाऱ्या पाण्यात ३ किंवा ४ लागते. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, तेव्हा औंसाचा आकडा अंदाज म्हणूनच धरा. मऊ टिप जोरदार प्रवाहात लावली तर पाणीच तिला पूर्ण वाकवून ठेवतं, मग मासा आला काय नि गेला काय.

ग्रॅमचा हिशेब करताना लोक फक्त फीडरचं शिसं मोजतात. ४० ग्रॅमच्या पिंजऱ्यात ओला चारा ठासला की सहज ७०-८० ग्रॅम होतात. १०-३० ग्रॅमच्या स्पिनिंग रॉडने ते फेकायला गेलात तर एक तर घाबरत घाबरत टाकाल, नाही तर रॉड मोडाल.

मग लांबी. प्रवाहात तंगूस जितका जास्त पाण्यात, तितका त्याला पोटासारखा बाक पडतो आणि फीडर घसरत जातो. बारा फुटी रॉड उंच धरून ठेवला की बराच तंगूस पाण्याबाहेर राहतो. कराडला प्रीतिसंगमाखाली बसणाऱ्याला हे लगेच पटेल: कोयनेच्या पायथा वीजगृहातून पाणी सुटलं आणि ओढ वाढली की आधी बसलेला फीडर जागा सोडतो. तेव्हा वजन वाढवायचं, आणि शक्यतो टिपही बदलायची.

नदीतली चावण्याची खूणही वेगळी. टिप प्रवाहाने आधीच थोडी वाकलेली असते. माशाने फीडर उचलला की ती अचानक सरळ होते, तंगूस सैल पडतो. नवखा माणूस ओढ येण्याची वाट बघत बसतो. घंटी अशा वेळी जेमतेम किणकिणते, आणि एरवी प्रवाहातला कचरा लागला तरी वाजत राहते. माझं मत विचाराल तर घंटी घरीच ठेवा.

शिवाय फीडर रॉड गळाला लागलेल्या मोठ्या रोहूच्या धावेबरोबर मधपर्यंत वाकतो, त्यामुळे बारीक तंगूस तुटत नाही. याच कारणाने तो नकली आमिषाला निरुपयोगी. मरळीच्या जबड्यात गळ नीट रुतत नाही आणि बारा फूट लांबी दिवसभर हातात पेलवतही नाही. मरळ किंवा महाशीर फिरत-फिरत पकडायचे असतील तर स्पिनिंगच घ्या.

आपल्या मोठ्या नद्यांसाठी एकच फीडर रॉड घ्यायचा तर बारा फुटी, तीन तुकड्यांचा, १०० ते १२० ग्रॅम झेपणारा घ्या, सोबत २ आणि ३ औंसाच्या टिपा. १५० ग्रॅमच्या पुढचा रॉड चढत्या पाण्यापुरता. त्यावर चिलापी लागली तर कळणारही नाही. नऊ-दहा फुटी ‘पिकर’, म्हणजे आखूड, हलका फीडर रॉड, ओढे आणि लहान नद्यांसाठी छान. दुर्बिणीसारखा आत सरकणारा, फीडर म्हणून विकला जाणारा स्वस्त रॉड घेण्याआधी त्याला टिप बदलता येते का ते बघा. बहुतेकांना येत नाही.

क्विव्हर टिप लवकर मोडते, बहुधा गाडीच्या दारात. सुटी टिप मागवताना बुडाचा व्यास मोजून घ्या. रॉडच्या ३ मिलिमीटरच्या तोंडात २.२ ची टिप घातली तर पहिल्याच फेकीला ती फीडरबरोबर नदीत जाईल.