एएलपी वाढलं: लिव्हर की हाडं?

एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम तुम्हाला माहीत आहे. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की ते रक्तात सांडतं. रिपोर्टात त्याच्याच आसपास अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे एएलपी, छापलेलं असतं आणि घोळ तिथे सुरू होतो. इंदूरच्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर कोणीतरी विचारतं, "एएलपी वाढलंय, लिव्हर गेलं का हो?" की लगेच खाली काढ्यांच्या कृती. काढे आधी बाजूला ठेवा.

लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये छापलं म्हणून ते एकट्या लिव्हरचं होत नाही. हाडं घडवणाऱ्या पेशीही हेच एन्झाइम बनवतात. दोन्हींमागे जीन एकच, एएलपीएल. फरक फक्त वर चिकटलेल्या साखरेच्या साखळ्यांचा. नेहमीच्या तपासणीत येते ती सगळ्यांची बेरीज. नुसत्या बेरजेवरून कोणाचा वाटा किती, हे भल्याभल्या डॉक्टरलाही सांगता येणार नाही.

म्हणून सोबत जीजीटी, म्हणजे लिव्हर-पित्तमार्गाचं आणखी एक एन्झाइम, तपासा. ते हाडांतून येत नाही. दोन्ही वाढलेली असतील तर पित्ताचा मार्ग बघा: खडा, अडथळा, सूज. पित्त तुंबलं की लिव्हर एएलपी जास्त बनवायलाच लागतं, त्यामुळे एसजीपीटी जेमतेम हललेलं आणि एएलपी तिप्पट, असंही दिसतं. जीजीटी नॉर्मल असेल तर मात्र हाडांकडे वळा: व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस. डी फार दिवस कमी राहिलं की हाडात खनिज नीट भरत नाही आणि हाडाच्या पेशी एएलपी ओतत राहतात. कंबर-मांड्या दुखणाऱ्या काकूंना अशा वेळी लिव्हर टॉनिक पाजणं मला बघवत नाही. (वयानं ठिसूळ झालेल्या हाडांत एएलपी बहुधा नॉर्मलच असतं, तो निराळा विषय.)

वाढत्या वयाची मुलं आणि शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवती यांचं एएलपी जास्त असणारच. मुलाचा आकडा मोठ्यांच्या रेंजशी ताडून लाल अक्षरांत छापणाऱ्या लॅबना काय म्हणावं! आणि रक्तगट ओ किंवा बी असेल तर रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू-मालपुवा हाणून सकाळी रक्त द्यायला जाऊ नका. तेलकट-तुपकट खाण्यानंतर आतड्यातलं एएलपीही रक्तात उतरतं.

कमी आलं तर? ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमधलं रक्त तर वापरलं नाही ना, ते विचारा. ईडीटीए झिंक आणि मॅग्नेशियम ओढून घेतं, एन्झाइमचं काम थंडावतं. पण पुन्हापुन्हा कमीच येत असेल, दुधाचे दात फार लवकर पडले असतील, पायाची हाडं सहज मोडत असतील, तर हायपोफॉस्फटेशिया, म्हणजे त्याच एएलपीएल जीनमधला बिघाड, तपासायला हवा. तो असेल तर हाडं ठिसूळ समजून बिस्फॉस्फोनेटच्या, म्हणजे हाडांची झीज रोखणाऱ्या, गोळ्या सुरू करू नयेत. त्यांनी नुकसान होऊ शकतं.