ब्रेकची मोठी डिस्क आणि उष्णतेचा हिशेब

स्पोर्ट्‌स कारला मोठ्या ब्रेकचा संच बसवण्याचा विचार करणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक समजूत पक्की असते. डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी, जितकी मोठी आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये पॅड ढकलणारे पिस्टन जितके जास्त, तितकी गाडी कमी अंतरात थांबेल, असे त्यांना वाटते. संच विकणाऱ्यांच्या जाहिरातीही हीच समजूत जोपासतात. ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे एकदा नीट उमगले की संच कसा निवडावा आणि मुळात तो घ्यावा की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीच सोपी होतात.

गाडीला मागे खेचणारे बल ब्रेकमध्ये निर्माण होत नाही. ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून येते; ब्रेक केवळ चाकाच्या फिरण्याला विरोध करतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेगाने, धावणारी गाडी घ्या. टायरचा घर्षणांक १ धरला तर तिला मिळू शकणारे कमाल मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वीय त्वरणाइतके असते, आणि त्या मंदनाने ती सुमारे ३९ मीटरमध्ये थांबते. या गणितात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही, आणि गाडीचे वस्तुमानही येत नाही. पेडल जोरात दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा, काम करू लागत असेल, तर त्याचा अर्थ मूळचेच ब्रेक चाक लॉक करण्याइतके समर्थ आहेत आणि मर्यादा टायरची आहे. थांबण्याचे अंतर कमी करायचे असेल तर खर्च टायरवर करावा. नव्या ब्रेकची चाचणी घेताना सोबत टायरही बदललेले असतील, तर त्या आकड्यातून ब्रेकविषयी काहीही सिद्ध होत नाही.

मग मोठे ब्रेक कशासाठी? उष्णतेसाठी. माझ्या दृष्टीने संपूर्ण विषयाचा गाभा हाच आहे.

ब्रेक हे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. १५०० किलो वजनाची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २३ लाख ज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेत जवळजवळ ७ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. त्याच वेगाला पूर्ण ताकदीने ब्रेक लावला, तर पहिल्या क्षणी ऊर्जेच्या रूपांतराचा दर ८०० किलोवॅटच्या पुढे, म्हणजे सुमारे ११०० अश्वशक्ती इतका असतो. तीनशे-चारशे अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या गाडीत सर्वांत शक्तिशाली यंत्र इंजिन नसून ब्रेक असतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आता रेस ट्रॅकवरचे एक वळण डोळ्यांसमोर आणा. तिथे वेग २०० वरून १०० वर आणायचा आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वेग निम्मा होताना तीन चतुर्थांश ऊर्जा, म्हणजे सुमारे १७ लाख ज्यूल, बाहेर पडते. हवेचा अवरोध आणि इंजिनाची मदत सोडून दिली आणि पुढच्या चाकांचा वाटा ७० टक्के धरला, तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे ६ लाख ज्यूल येतात. डिस्क ज्याची बनते त्या बिडाची विशिष्ट उष्मा किलोमागे अंशाला सुमारे ४८० ज्यूल असते. म्हणून १० किलोची डिस्क या एका ब्रेकिंगमध्ये साधारण १२७ अंशांनी तापते, आणि १३ किलोची डिस्क ९७ अंशांनी. ब्रेक लावण्याचा काळ काही सेकंदांचा असल्याने तेवढ्यात फारशी उष्णता हवेत जात नाही. ती धातूतच साठते. एका ब्रेकिंगपुरता विचार केला तर डिस्क म्हणजे उष्णतेचे भांडे, आणि त्या भांड्याचा आकार तिच्या वस्तुमानावर ठरतो.

परंतु ट्रॅकवर एकच वळण नसते. असे जोरदार ब्रेकिंग दर ३० सेकंदांनी एकदा होत असेल, तर प्रत्येक डिस्कमध्ये सरासरी २० किलोवॅट उष्णता ओतली जाते. दोन-दोन किलोवॅटच्या दहा विजेच्या शेगड्या सतत चालू ठेवाव्यात तशी. ही उष्णता बाहेर जायलाच हवी, आणि ती बाहेर जाण्याचा दर डिस्कचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त आहे यावर अवलंबून असतो. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत डिस्क थोडी थोडी अधिक तापत जाते. प्रत्येक ब्रेकिंगला तापमान उसळते, दोन ब्रेकिंगच्या मधल्या काळात थोडे उतरते, आणि आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी चढती रेषा दिसते. काही फेऱ्यांनंतर आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सरासरीने समान होते, आणि चढ थांबतो.

वस्तुमान वाढवले तर करवतीचे दाते लहान होतात आणि समतोल गाठायला जास्त वेळ लागतो. पण समतोलाचे सरासरी तापमान वस्तुमानाने बदलत नाही. ते फक्त उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेवर, म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि त्यावरून वाहणारी हवा यांवर ठरते. दोन-तीन फेऱ्या मारून थांबणाऱ्याला जड डिस्कचा लाभ पुरेपूर मिळतो, तर अर्धा तास सलग चालवणाऱ्याला हवेची वाट मोकळी असलेली डिस्क हवी. मोठ्या व्यासाच्या, आतून पोकळ डिस्कमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात, आणि मोठ्या ब्रेकचे खरे समर्थन तेच आहे. तापमान फार वाढले की प्रारणही, म्हणजे किरणांच्या रूपात उष्णता बाहेर पडणेही, मदतीला येते, कारण ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ३०० अंशांची डिस्क ७०० अंशांवर गेली की प्रारणाने जाणारी उष्णता आठपटींहून अधिक होते. लालबुंद झालेल्या डिस्कचे दृश्य त्यातूनच येते, पण सामान्य रस्त्यासाठी बनवलेले पॅड त्याआधीच हार मानतात.

पोकळ डिस्कच्या दोन तबकड्यांमधल्या पात्यांमुळे ती फिरताना केंद्रापसारक पंख्यासारखी काम करते. मध्यभागातून हवा ओढून घेते आणि कडेने बाहेर फेकते. हवा नेणारी नळी बसवायची असेल तर तिचे तोंड डिस्कच्या मध्याकडे असावे. एकाच बाहेरच्या बाजूवर गार हवा मारली तर दोन तबकड्यांच्या तापमानांत फरक पडतो आणि डिस्क शंकूसारखी वाकू लागते. वक्र पाती असलेल्या डिस्कची डावी आणि उजवी बाजू वेगळी असते: केंद्राकडून कडेकडे जाताना पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असायला हवीत. पृष्ठभागावरच्या खाचांची दिशा पाहून डिस्क बसवणे ही नेहमी होणारी चूक आहे. पाहायची ती आतली पाती.

इतिहासानेही उष्णतेच्याच बाजूने कौल दिला आहे. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले होते, तरी त्यानंतर अनेक दशके ड्रम ब्रेकच, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ ड्रमला ब्रेक शूने आतून दाबणारे ब्रेक, प्रचलित राहिले. १९५३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली, आणि त्या शर्यतीत प्रथमच विजेत्याचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या पुढे गेला. ड्रम तापला की प्रसरण पावून आतल्या ब्रेक शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाते. डिस्क तापली की तिची जाडी किंचित वाढते, ती पॅडच्याच दिशेने सरकते, शिवाय तिचे दोन्ही पृष्ठभाग हवेला उघडे असतात.

उष्णता हाताबाहेर गेली की ब्रेक दोन वेगळ्या मार्गांनी निकामी होतो, आणि हा फरक प्रत्येक चालकाने ओळखला पाहिजे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेला आहे. त्यातील बंधक राळेचे विघटन होऊन घर्षणांक घसरला आहे. पेडल मऊ होऊन खाली गेले तर ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब पिस्टनपर्यंत नेणारा द्रव, उकळले आहे, कारण द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. तेच ऑइल हवेतील ओलावा शोषून घेऊन ३.७ टक्के पाणी धरते तेव्हाची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. जुन्या ऑइलवर महागडे कॅलिपर बसवणाऱ्याने मूळ दोषाला हातच लावलेला नसतो. म्हणून पहिला बदल ताजे ऑइल आणि उच्च तापमानाचे पॅड हाच असावा. शर्यतीचे पॅड मात्र थंड असताना दुबळे असतात. रोजच्या रस्त्यावर ते लावणे धोक्याचे आहे.

पिस्टनच्या संख्येविषयीचा भ्रम तर फार खोल रुजला आहे. दाबाला पिस्टनच्या एकूण क्षेत्रफळाने गुणले की बल मिळते. ते क्षेत्रफळ दोन पिस्टनांत विभागले की सहांत, याने बलात फरक पडत नाही. एका पिस्टनचा सरकता कॅलिपरही प्रतिक्रियेच्या बळावर दोन्ही पॅड सारख्याच जोराने आवळतो. अधिक पिस्टनांचा खरा उपयोग लांब पॅडवर दाब समान पसरवण्याचा आहे. डिस्क पॅडखाली ज्या टोकाने शिरते ते टोक आत ओढले जाऊन जास्त झिजते, म्हणून त्या बाजूचा पिस्टन मुद्दाम लहान ठेवतात. कॅलिपरच्या लाल रंगाने आणि मोठ्या अक्षरांतल्या नावाने यातले काहीही घडत नाही.

एकूण क्षेत्रफळ चुकले तर मात्र हानी होते. समजा, मूळ गाडी तोललेली आहे आणि पूर्ण ब्रेकिंगला पुढे ७० व मागे ३० असे टॉर्कचे, म्हणजे चाकाचे फिरणे रोखणाऱ्या पिळाचे, वाटप आहे. ३३० मिलिमीटरच्या जागी ३८० मिलिमीटरची डिस्क बसवली की पॅडचा दाब जिथे लागतो ती परिणामकारक त्रिज्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. पिस्टनचे क्षेत्रफळही १० टक्के जास्त असेल तर पुढचा टॉर्क ३० टक्क्यांनी वाढतो, आणि वाटप ७५ आणि २५ होते. आता पुढची चाके आपली मर्यादा लवकर गाठतात, तेव्हा मागची चाके अजून अर्धवट काम करत असतात. वजन पुढे सरकण्याचा परिणाम धरून गणित केले, तर पुढची चाके लॉक होण्याच्या सीमेवर मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ९० टक्के इतकेच उरते आणि ३९ मीटरचे अंतर ४३ मीटर होते. एबीएस असेल तर पेडल आणखी दाबून मागच्या चाकांचा वाटा बराचसा मिळवता येतो, तरी पुढचे एबीएस विनाकारण लवकर जागे होते. म्हणून मोठ्या डिस्कसोबत पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ मूळच्यापेक्षा थोडे कमी ठेवणारा संच हाच विचारपूर्वक बनवलेला संच होय. क्षेत्रफळ वाढवले तर पेडलने चालणाऱ्या मास्टर सिलिंडरला अधिक ऑइल ढकलावे लागते आणि पेडल लांब जाते, हा तोटा वेगळाच. संच घेताना विक्रेत्याला पिस्टनचे व्यास विचारावेत. ते सांगता येत नसतील तर संच घेऊ नये.

भोके पाडलेल्या डिस्कविषयीही सावध राहावे. भोकांमुळे पॅड आणि डिस्क यांच्यातील वायू निसटतो हे खरे, पण आधुनिक पॅडमधून पूर्वीइतका वायू निघत नाही, आणि वारंवार तापण्या-थंडावण्याने तडे जाऊ लागतात ते याच भोकांच्या कडांपासून. ट्रॅकसाठी खाचा असलेली डिस्क बरी. ॲल्युमिनियमचा मधला भाग आणि बिडाचे कडे अशी जोडडिस्क मात्र खर्चाला न्याय देते. ३८० मिलिमीटरचे कडे ५०० अंशांनी तापले की त्याचा व्यास २ मिलिमीटरहून अधिक वाढतो. सैल जोडणी त्याला वाकल्याशिवाय वाढू देते. शिवाय वजन वाचते, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण जाडी तीच ठेवून सगळी डिस्क प्रमाणात मोठी केली तर वस्तुमान त्रिज्येच्या वर्गाने आणि जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्यातील बदलाला होणारा विरोध, चौथ्या घाताने वाढते. स्प्रिंगखालचे, म्हणजे चाकासोबत वर-खाली होणारे, हे वजन खडबडीत रस्त्यावर टायरची पकडच कमी करते.

खरेदीपूर्वी करावे असे एक मोजमाप आहे. ठरावीक तापमानाला कायमचे बदलणारे रंग मिळतात. त्यांचे पट्टे मूळ डिस्कच्या कडेला आणि कॅलिपरला लावावेत, गाडी नेहमीसारखी पूर्ण सत्रभर चालवावी आणि कोणता पट्टा बदलला ते पाहावे. डिस्क आपल्या पॅडच्या मर्यादेत आणि कॅलिपर ऑइलच्या उत्कलनबिंदूच्या बराच खाली राहिला असेल, तर मूळची डिस्क पुरेशी आहे. डिस्कने मर्यादा ओलांडली असेल तर आधी हवेची नळी बसवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. आणि त्यानंतरही पट्टा बदलला, तर रिमच्या आत किती जागा आहे ते मोजून मोठ्या डिस्कचा व्यास ठरवायला बसावे.