कान बंद झालाय: दडा बसलाय की अचानक बहिरेपण आलंय?

एक कान बंद झाला की ‘सर्दीचा दडा बसलाय’ किंवा ‘मळ साचलाय’ असं निदान घरातच होऊन जातं. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण याच निदानामागे एक तातडीचा आजार लपतो आणि उपचाराचे दिवस हातचे निघून जातात. हे इतक्या वेळा होतं की आता नीट मांडायलाच हवं.

दडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मळाने कानाची नळी बुजते किंवा सर्दीत नाकामागची नलिका सुजून पडद्यामागची हवा कोंडते. म्हणजे आवाज आतपर्यंत पोचण्याची वाट अडलेली असते, तो ऐकणारा आतला भाग मात्र धडधाकट असतो. मळ काढला किंवा सर्दी ओसरली की कान मोकळा होतो.

अचानक बहिरेपणात वाट मोकळी असते. बिघाड असतो तो आतल्या शंखाकृती अवयवात किंवा श्रवणाच्या नसेत. तीन दिवसांच्या आत, सलग तीन स्वरपट्ट्यांवर किमान 30 डेसिबलने ऐकू येणं घटलं तर डॉक्टर हे निदान करतात. कारण बहुतेकदा सापडत नाही. बहुधा एकाच कानाला होतं आणि पुष्कळांच्या ते सकाळी उठल्यावर लक्षात येतं.

दुखत नाही म्हणून काळजी नाही, हा तर्क इथे चालत नाही, कारण हा आजार सहसा दुखतच नाही. कानात गुणगुण दोन्हींत होऊ शकते. जोडीला गरगरत असेल तर मात्र आतल्या कानाचा संशय बळावतो.

खरा घोटाळा पुढे आहे. नस बिघडली तरी पुष्कळदा माणसाला ‘ऐकू येत नाही’ असं वाटत नाही, ‘कान भरलाय’ असंच वाटतं. त्यामुळे नुसत्या जाणिवेवरून फरक करता येत नाही. डॉक्टर कानात बघतात, पडदा स्वच्छ दिसतो आणि रुग्ण निश्चिंत होऊन घरी जातो. खरं तर इथेच सावध व्हायला हवं. कान बंद वाटतोय, पण आत मळ नाही, पाणी नाही, पडदा छान आहे, तर मग ऐकू का येत नाही? मळ निघाल्यावरही कान उघडला नाही, तर दोष मळाचा नव्हताच.

घरी एक गोष्ट करून बघता येते. तोंड मिटून खालच्या पट्टीत ‘हंऽऽ’ असा गुंजारव करा. तो बंद कानात मोठा वाटला तर बहुधा वाट अडलेली आहे. हाडातून आलेला आवाज त्या कानात कोंडतो आणि बाहेरचा गोंगाटही तिथे पोचत नाही. गुंजारव चांगल्या कानाकडे सरकला तर नसेचा संशय घ्यायचा. वेबर चाचणीचं तत्त्व हेच. दवाखान्यात त्यासाठी 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की एका ठरावीक सुरात घुमणारा धातूचा काटा, कपाळावर टेकवतात. तोच काटा कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर धरून कुठे जास्त ऐकू येतं ते बघायची रिने चाचणीही सोबत हवी. पण ती एकटी फसवू शकते, कारण कान पूर्ण बहिरा असला तरी हाडातून गेलेला आवाज दुसराच कान ऐकतो.

घरच्या गुंजारवावर शेवटचा निकाल लावू नका. निकाल ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणाची तपासणी, देते. हवेतून कमी आणि हाडातून नीट ऐकू येत असेल तर वाटेतला अडथळा. दोन्हीकडून सारखंच घटलं असेल तर नस किंवा आतला कान.

‘आठ दिवस नाकात थेंब घालू, मग बघू’ या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. त्याने गुण आला नाही तर साधारण सहा आठवड्यांपर्यंत पडद्यातून इंजेक्शन देता येतं. काहींचं ऐकणं आपोआप परततं हे खरं, पण आपण त्या काहींपैकी आहोत की नाही हे आधी कोणालाच सांगता येत नाही. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून तो आधीच सांगा. तेल आणि कापसाच्या काड्या तर दोन्ही आजारांत नकोतच.

एका कानाचं ऐकणं अचानक घटलं आणि पडदा साफ निघाला, तर ऑडिओमेट्री लगेच, जमल्यास त्याच दिवशी मागा. नसेचाच दोष ठरला तर पुढे एमआरआयही करून घ्या. श्रवणाच्या नसेवरची गाठ क्वचित याच रूपात पहिल्यांदा दिसते, आणि ऐकणं परत आलं म्हणून ती नसेलच असं धरता येत नाही.