तापलेलं इंजिन घरी उघडताय? जुनं गॅस्केट फेकू नका

साखरप्याकडून चिरा भरून गाडी आंबा घाट चढते. निम्म्या घाटात काटा लालकडे झुकतो. ड्रायव्हर म्हणतो, आता माथ्यावर गेल्यावरच थांबू. आमच्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच हेडांची (सिलिंडरवरच्या झाकणांची) कथा इथूनच सुरू होते.

आमचं काम हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), बोअरिंग (सिलिंडरचं भोक मापात वाढवणं), स्लीव्ह (सिलिंडरमध्ये नवी नळी बसवणं) आणि क्रँक ग्राइंडिंगचं (क्रँकशाफ्ट घासून मापात आणणं). इंजिन उघडायचं आणि जोडायचं काम तुम्ही किंवा तुमचे मिस्त्री दारात, शेडात करता आणि सुटे भाग टेंपोत घालून आमच्याकडे आणता. यात गैर काही नाही. नीट केलं तर चांगलं होतं, पैसेही वाचतात. पण भाग इथं पोचेपर्यंत निम्मा पुरावा धुऊन पुसून गेलेला असतो. हे पत्रक त्यासाठी.

काटा लाल झाल्यावर

रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सुटलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतणं हा दुसरा गुन्हा. हेडला तडा जाण्याचं ते हमखास कारण आहे. पाणी संपलं असेल तर इंजिन लगेच बंद करा. पाणी आहे पण चढावर लोडमुळे तापलंय, असं असेल तर गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये थोड्या वाढीव रेसवर ठेवा, म्हणजे पंखा आणि पाणी दोन्ही फिरत राहतं. तरीही काटा उतरत नसेल तर बंद करा.

हेड वाकडं का होतं, तर जागा नसते म्हणून. दोन फूट लांबीचं बिडाचं हेड नेहमीपेक्षा ५० अंश जास्त तापलं तर लांबीत जवळपास ०.३ मिमी वाढू पाहतं. ॲल्युमिनियमचं असेल तर त्याच्या दुप्पट. वरून बोल्टांनी आवळलेलं, खाली ब्लॉक. मग ते जागच्या जागी कमान धरतं आणि गार झाल्यावर पूर्ण सरळ होत नाही.

उघडण्याआधी

गार इंजिनावर, झाकण काढून, स्टार्टर मारा. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरची हवा पाण्यात जातेय. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. आणि इंजिन फिरतच नसेल तर स्टार्टरने जबरदस्ती करू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढा, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार झाल्यावरच सोडायचे, कडेकडून मध्याकडे, प्रत्येक थोडा थोडा. गरम असताना किंवा एकाच बाजूने सोडत गेलात तर वाचलेलं हेडही वाकतं. पुशरॉड कुठून निघाला तिथंच जायला हवा. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घाला. मोबाईलवर फोटो काढायचा कंटाळा करू नका, जोडताना पाइपांची जागा कुणालाच आठवत नाही.

गॅस्केट वाचायचं असतं

हेड उचललं की पहिलं काम बहुतेक जण करतात ते म्हणजे गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधला पातळ सीलचा थर) ओरबाडून कोपऱ्यात फेकणं. आम्हाला हेडइतकंच ते हवं असतं. दोन सिलिंडरांच्या मधे काळी रेघ दिसली तर गॅस तिथून फुटलाय. पाण्याच्या भोकापासून सिलिंडरकडे डाग गेला असेल तर तोच पिस्टन बघा. त्याचा माथा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखा असेल. गॅस्केट सगळीकडे चांगलं आणि तरी पाणी जातंय, तर संशय गॅस्केटवरून उठून तड्यावर, लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) किंवा ऑइल कूलरवर (पाण्याने ऑइल गार करणाऱ्या भागावर) जातो. ऑइल कूलर तर हमखास विसरला जातो. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडून दोनदा हेड फेस करून नेलं, तिसऱ्या वेळी आम्हीच विचारलं, कूलर तपासला का? कूलरच फुटला होता. पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं, ही चूक आमची.

डिझेल इंजिनात आणखी एक गोष्ट. अनेक इंजिनांना हेड गॅस्केट दोन-तीन जाडींत येतं आणि जाडीची खूण कडेला खाचा किंवा भोकं पाडून दिलेली असते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर जाडी ठरते. जुन्यावरची खूण दिसली तर दुकानात योग्य गॅस्केट मागता येतं. ब्लॉक फेस केला किंवा पिस्टन बदलले तर मात्र पिस्टनची उंची डायल गेजने पुन्हा मोजायची, जुन्या खुणेवर विसंबायचं नाही.

हेड: घरी काय दिसतं, काय दिसत नाही

सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन हेड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत तपासा. आधी फेस स्वच्छ करा, पण ग्राइंडरच्या चकतीने नाही; ती खड्डे पाडते. चालेल किती ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सरळ पट्टीखाली फिलर गेजची ०.१० मिमीची पट्टी सहज आत जात असेल तर हेड आमच्याकडे आणाच.

तडे बहुतेक वेळा दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या पुलावर किंवा सीट आणि इंजेक्टरच्या भोकामधे असतात. सगळेच डोळ्यांना दिसत नाहीत, आणि काही तडे गार असताना मिटलेले असतात. म्हणून आम्ही पाण्याच्या वाटा पट्ट्यांनी बंद करून, आत हवेचा दाब देऊन, हेड गरम पाण्यात बुडवतो. बुडबुडा आला की चर्चा संपते. ही टेस्ट न करता फेसिंग करून द्या म्हणाल तर आम्ही नाही म्हणतो. तडा गेलेलं हेड आरशासारखं फेस केलं तरी गळणारच.

फेसिंगमध्ये जितका माल जातो तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. त्यामुळे सीट खोल घ्यावी लागते आणि इंजेक्टरचं टोक किती बाहेर येतं तेही बघावं लागतं. एका हेडचं कितीदा फेसिंग करायचं याला मर्यादा आहे. ती गाठली की नवं हेड घ्या, आम्ही तोंडावर सांगू.

हाफ इंजिन की फुल?

हा प्रश्न रोज येतो. हाफ म्हणजे क्रँकला हात न लावता हेड, पिस्टन, रिंगांचं काम, फुल म्हणजे क्रँकसकट. पिस्टनच्या बाजूला उभे ओरखडे, लायनरवर चकाकणारे पट्टे दिसले तर रिंगा बदलून भागणार नाही. तापलेल्या रिंगांचा ताणही गेलेला असतो. बोअर वर, मधे, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. बोअर गेज नसेल तर अंदाज करू नका, ब्लॉक आणा. टाटाच्या ६९७ इंजिनाचं माप नावातच आहे: ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर. घासलेला बोअर पुढच्या ओव्हरसाईजला, म्हणजे ०.२५ किंवा ०.५० मिमीने वाढवता येतो, नाहीतर स्लीव्ह. पण आधी पिस्टन आणा. पिस्टन हातात घेऊन, मोजून, मगच आम्ही बोअर करतो. पाकिटावरच्या आकड्यावर नाही.

क्रँकबद्दल आमचा नियम साधा आहे. ऑइल एकदाही दुधाळ झालं असेल किंवा ऑइल प्रेशर पडलं असेल तर बेरिंगच्या वाट्या काढून बघायच्याच. तांबं दिसायला लागलं असेल तर हाफ इंजिन विसरा. ऊस हंगामात गाडी चार दिवस उभी राहणं परवडत नाही, हे आम्हालाही कळतं. पण हंगामाच्या मधे तेच इंजिन पुन्हा उघडणं त्याहून महाग पडतं.

तापलं कशामुळे?

हेड इथं असताना तुम्ही हे शोधा. रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळी घालून साफ करणं) करून घ्या. वॉटर बॉडीचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) पंखा आतल्या शाफ्टवर सैल आहे का बघा. फॅन बेल्ट, पंख्याचा क्लच, रेडिएटरचं झाकण, खालचा पाइप आत चिमटतोय का, सगळं बघा. थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी उकळून तपासता येतो: ८२ अंशांच्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला हवी (नेमका आकडा त्यावरच छापलेला असतो). पातेलं मात्र घरातलं घेऊ नका. थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन गार राहतं, हा आपल्याकडचा लाडका समज. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तिथं तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

बोअरवेलचं पाणी भरू नका. क्षार चिकटतात ते नेमके लायनरच्या बाहेर आणि हेडच्या अरुंद वाटांत. कूलंट आणि शुद्ध पाणी, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात.

जोडताना

बोअर केलेला ब्लॉक रॉकेल किंवा डिझेलने धुऊन भागत नाही. होनिंगची (बोअर दगडाने घासून गुळगुळीत करण्याची) धूळ गरम पाणी, साबण आणि ब्रशनेच निघते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर आलं पाहिजे, मग लगेच ऑइल लावा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून फट मोजा. ९७ मिमीच्या बोअरला ती साधारण ०.३० ते ०.४५ मिमी येते, अचूक आकडा रिंगांच्या पाकिटावर बघा. हेड बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटतो, म्हणून हवा मारून भोकं कोरडी करा. आवळणं मधून कडेला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. अंशांत फिरवायचे बोल्ट कंपनीने बदला म्हटलं असेल तर नवेच घाला.

सहा सिलिंडरचं इंजिन चारशे किलोच्या पुढे जातं. घराच्या पत्र्याच्या अँगलला चेन कप्पी लावू नका.

पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा. मग तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. मध्यम लोडवर चालवा आणि पहिलं ऑइल ५०० किमीला बदला. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांचे इंजेक्टर आणि सेन्सर स्कॅनरशिवाय उघडू नका. कॉमन रेलचा (इंजेक्टरांना जबर दाबाने डिझेल देणाऱ्या नळीचा) पाइप चालू इंजिनावर सैल केला तर डिझेलची धार कातडीत घुसते.

बोअर किंवा स्लीव्ह केल्याने इंजिन नंबर बदलत नाही. ब्लॉकच बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पासिंगला अडकाल.

आमच्याकडे येताना

हेड, ब्लॉक, नवे पिस्टन, बेरिंगच्या जुन्या वाट्या आणि जुनं गॅस्केट, सगळं एकाच खेपेत आणा. हेडचा फेस गोणपाटात गुंडाळा आणि वर काही ठेवू नका. पावसाळ्यात परत नेताना बोअरवर लावलेलं ऑइल पुसू नका. एका रात्रीत गंज धरतो आणि सकाळी फोन आम्हालाच येतो.