पुण्यात सूर्य डोक्यावर कधी येतो?

‘दुपारी बाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो’ हे आपण सगळेच सर्रास म्हणतो. पुण्यात मात्र तो वर्षातून दोनदाच डोक्यावर येतो, आणि तेव्हाही बारा वाजता नाही.

डोक्याच्या थेट वरचा आकाशातला बिंदू म्हणजे खस्वस्तिक. तिथून जाणारं, क्षितिजावरची उत्तर आणि दक्षिण जोडणारं वर्तुळ म्हणजे याम्योत्तर वृत्त. सूर्य ते रोज ओलांडतो, त्या क्षणाला मध्यान्ह म्हणायचं. पण ओलांडताना तो खस्वस्तिकातूनच जाईल का, हे ठरतं त्याच्या क्रांतीवरून, आणि सगळी गंमत या क्रांतीत आहे. पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं, की त्यापासून सूर्य जितके अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला, तितकी त्याची क्रांती. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्याने ती वर्षभरात दोन्हीकडे 23.4 अंशांपर्यंत जाते. क्रांती गावाच्या अक्षांशाएवढी झाली, की त्या गावी शून्य सावली, म्हणजे मध्यान्ही सरळ उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही. पुण्याचा अक्षांश 18.5, म्हणून 13-14 मेच्या सुमारास आणि परत फिरताना जुलैअखेर. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपूरला 26 मेच्या आसपास. दिल्ली 28.6 अंशांवर, तिथे कधीच नाही. मे आणि जुलैच्या या दोन दिवसांच्या मधल्या काळात पुण्यात मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते! जूनमध्ये ऊन मिळालं तर जरूर बघा.

आता घड्याळ. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, पुणे 73.9 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण सुमारे 35 मिनिटं मागे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या थोडा पुढेमागे होतो; मेच्या मध्यात तो जवळजवळ चार मिनिटं पुढे असतो. म्हणून शून्य सावली 12.31 ला. भर बाराच्या ठोक्याला बाहेर पडलं की बाधा होते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. बाराचा ठोका माणसांनी सोयीसाठी ठरवलेला आहे, आकाशात तो कुठेच नाही.

गच्चीवर सपाट फरशीवर 10 सेंटिमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. एका अंशाचा फरक पडला तरी सावली दोन मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे आदल्या-दुसऱ्या दिवशीही प्रयोग जमतो. जुलैअखेर मध्यान्ह 12.41 ला, तेव्हा ढगांनी वाट दिली पाहिजे.