लाकडी चासी मार्कोसची, मॉर्गनची नव्हे

‘मॉर्गनची चासी लाकडाची असते.’ हे वाक्य पुन्हा दिसलं की डोकं उठतं. मॉर्गन ही ब्रिटिश गाड्यांची कंपनी, आणि चासी म्हणजे गाडीचा भार पेलणारा खालचा सांगाडा. मॉर्गनच्या चासीत लाकूड कधीच नव्हतं. सुरुवातीच्या तीनचाकीला पोलादी नळ्या होत्या, १९३६ च्या फोर-फोर मॉडेलपासून २०२० पर्यंत पोलादी चौकट चालली, आणि २००० च्या एरो एटमध्ये अ‍ॅल्युमिनियम आलं.

मग लाकूड कुठे? बॉडीत. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा चासीवर बोल्टने बसवतात आणि त्यावर पत्रा चढवतात. आपल्याकडे ट्रकची चासी कंपनीची आणि हौदा बॉडीवाल्याचा, तसंच. इंजिन आणि सस्पेन्शनचा भार धातूवर. त्यामुळे लाकूड कुजलं तर आधी दार लोंबतं. दार उघडून टोकाला धरून वर उचला. बिजागरी घट्ट असूनही दार हललं, तर बिजागरीचा खांब किंवा त्याखालची दाराच्या उंबऱ्याची फळी गेली असं समजा. तेवढं लाकूड बदलता येतं. खर्च होतो, पण चासीला धक्का लागत नाही.

मार्कोस या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचं नेमकं उलटं. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये आपापल्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून ही कंपनी काढली. कॉस्टिन डी हॅविलँडमध्ये काम केलेला. मॉस्किटो हे लाकडी विमान त्याच कंपनीचं. त्याने मरीन प्लायचे तुकडे चिकटवून पोकळ पेट्यांसारखी चासी केली. सस्पेन्शनचा भार प्लायवर. १९६४ च्या ‘१८००’ या मॉडेलमध्येही फायबरग्लासच्या बॉडीखाली हेच. सुकं राहिलं तर प्लाय हलकं आणि ताठ. पण रंग उडालेल्या कडेतून किंवा बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की थर सुटतात, आणि इथे थर सुटणं म्हणजे गाडीचा कणाच जाणं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे आत ओल आहे किंवा थर सुटलाय. वरून रंग मारून हे झाकणाऱ्यांना माफी नाही.

१९६९ मध्ये मार्कोसनेही पोलादी नळ्यांची चासी घेतली, पण बॉडी तशीच दिसते. त्यामुळे त्या सुमाराची गाडी बघताना कागदावरच्या सालावर विसंबू नका. खाली शिरून चासीला चुंबक लावा.